रंजनाचे गाणे आणि साक्षीचे गाणे

आमच्या धर्मग्रामातील एक विद्यार्थिनी मुंबईच्या एका महाविद्यालयात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. तिचा आवाज गोड आहे, सुरांची जाण उपजत आहे आणि वयाच्या दहाव्या वर्षापासून ती रविवारच्या मिस्साच्या गायकवृंदात गाते. गेल्या वर्षी तिच्या महाविद्यालयाने ‘द साउंड ऑफ म्युझिक’ ही इंग्रजी संगीतिका रंगमंचावर आणली. तीत तिला एल्सा श्रेडर या श्रीमंत विधवेची भूमिका मिळाली. प्रयोगाला तिचे आईवडील, तिची मावशी आणि मी असे चौघे गेलो होतो. दुसऱ्या अंकात तिने एक चटपटीत गाणे म्हटले आणि सभागृहात हशा पिकला. मीही मनमोकळेपणाने हसलो. पुढील विवेचनात या हसण्याचा संबंध येणार आहे, म्हणून ते आधीच सांगून ठेवतो.

पुढे ऑगस्ट महिन्यात त्याच महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाने दोन अनुबोधपट दाखवले. पहिला आलँ रेने यांचा ‘नाइट अँड फॉग’, अवघ्या बत्तीस मिनिटांचा. दुसरा क्लोद लान्झमन यांचा ‘शोआ’, नऊ तासांहून अधिक लांबीचा. तो दोन शनिवारी मिळून दाखवावा लागला. त्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी ती मला भेटायला आली. म्हणाली, “फादर, ज्या गाण्यावर मी लोकांना हसवलं, त्याचा अर्थ मला आत्ता कळला. मला काही दिवस गायचं नाही. सणाला माझ्या जागी दुसरं कोणीतरी बघा.” आठ सप्टेंबरचा पवित्र मरियेचा जन्मोत्सव तीन आठवड्यांवर आला होता. माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. मी तिला आग्रह केला नाही. मात्र ती संगीतिका पुन्हा वाचली आणि दोन्ही अनुबोधपट स्वतः पाहिले. त्यातून जे सुचले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम संगीतिकेविषयी. रिचर्ड रॉजर्स यांचे संगीत आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांची पदे असलेली ही कलाकृती १६ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आली. १९६५ साली रॉबर्ट वाइज यांनी तिच्यावर चित्रपट काढला व त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर पारितोषिके मिळाली. आपल्या कुटुंबांतून हा चित्रपट इतका पाहिला गेला आहे की, त्याची कथा सांगण्याची गरज नाही. मठातील उमेदवार तरुणी, सात पोरकी मुले, शिस्तप्रिय कप्तान, ऑस्ट्रियावर चालून आलेले नाझी आणि डोंगर ओलांडून झालेली सुटका! आमच्या सेमिनरीतही तो आम्हा विद्यार्थ्यांना दाखवण्यात आला होता आणि पुढे कित्येक दिवस भोजनगृहाच्या वाटेवर त्यातील चाली गुणगुणल्या जात होत्या.

या कथेचा मूळ आधार म्हणजे मरिया फॉन ट्रॅप यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणी. वस्तुस्थिती व नाटक यांत अंतर असणे हा काही दोष नव्हे. तरीही नाटककारांनी काय बदलले आणि काय गाळले हे पाहणे उद्बोधक ठरते. मरिया साल्झबर्गच्या नॉनबर्ग मठातून त्या घरी गेल्या त्या सातही मुलांना सांभाळण्यासाठी नव्हे, तर आजारातून उठलेल्या एका मुलीला शिकवण्यासाठी. त्यांचा विवाह १९२७ साली झाला, म्हणजे नाझी ऑस्ट्रियात येण्याच्या दहा वर्षांहून अधिक आधी. कप्तान रूक्ष नव्हता, प्रेमळ होता आणि संगीताची आवड त्या घरात आधीपासूनच होती. हे कुटुंब डोंगर तुडवीत पळाले नाही. दिवसाउजेडी आगगाडीत बसून इटलीला गेले. सर्वांत मौजेची गोष्ट अशी की, या वृंदाला खऱ्या अर्थाने घडवणारे फादर फ्रान्झ वास्नर हे धर्मगुरू नाटकात कोठेच नाहीत. ते या कुटुंबाबरोबर अमेरिकेस गेले आणि वृंद विसर्जित होईपर्यंत त्याचे संगीत-दिग्दर्शक राहिले. त्यांच्या वाट्याचे काम नाटकात मॅक्स नावाच्या गमत्या दलालाकडे गेले आहे. धर्मगुरू या नात्याने मला हे थोडे लागले, हे कबूल करतो. पण माझा मुद्दा तो नाही.

माझा मुद्दा दुसऱ्या एका गाळणीचा आहे. मरियाबाईंच्या आठवणींनुसार हिटलरच्या वाढदिवसानिमित्त गाण्यासाठी या कुटुंबाला निमंत्रण आले होते आणि कुटुंबाने ते नाकारले. कप्तानाने जर्मन आरमारातील अधिकारपदही नाकारले होते. म्हणजे ज्या कुटुंबाची कीर्ती गाण्यामुळे झाली, त्याच्या आयुष्यातील सर्वांत धैर्याची संगीतविषयक कृती होती न गाण्याची. नाटकात तिचे रूप पालटले. तेथे कुटुंब महोत्सवात गाते आणि गाण्याच्या आडोशाने निसटून जाते. नकार रंगमंचावर दाखवणे अवघड असते, हे मला समजते. न गायलेल्या गाण्याला टाळ्या कशा पडणार? परंतु या बदलामुळे प्रेक्षकाची अशी समजूत होते की, गोड गळा आणि निर्मळ मन एवढ्या भांडवलावर माणूस इतिहासाच्या तडाख्यातून सहीसलामत बाहेर पडू शकतो.

आता आमच्या विद्यार्थिनीने म्हटलेल्या गाण्याकडे येतो. ते चित्रपटात नाही, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊकही नसेल. एल्सा आणि मॅक्स कप्तानाला समजावू पाहतात: येणारे येणारच आहेत, ते थांबवणे आपल्या हाती नाही, तेव्हा आपण आपले सांभाळावे आणि जुळवून घ्यावे. चाल खेळकर आहे, शब्द विनोदी आहेत. या प्रश्नावरच कप्तान व एल्सा यांचा ठरलेला विवाह मोडतो. चित्रपटात हे गाणे गेले आणि त्याबरोबर विवाह मोडण्याचे खरे कारणही गेले. उरला तो केवळ प्रेमाचा त्रिकोण. समीक्षेच्या दृष्टीने पाहता, साऱ्या संगीतिकेतील हे सर्वांत प्रौढ गाणे आहे, असे मी म्हणेन. बाकीची गाणी आनंद कसा मिळवावा हे सांगतात. हे एकच गाणे सभ्य, हसतमुख, सुशिक्षित माणसे अन्यायाला वाट कशी करून देतात ते सांगते. आणि प्रेक्षक हसतो! हसता हसता तो एल्साच्या बाजूला जाऊन बसलेला असतो. मीही बसलो होतो.

ऑस्ट्रियात १९३८ साली एल्सा एकटी नव्हती. १२ मार्चला जर्मन सैन्य देशात शिरले. तीन दिवसांनी व्हिएन्नातील भव्य चौकात अफाट जनसमुदायाने हिटलरचे स्वागत केले. १८ मार्चला ऑस्ट्रियाच्या बिशपांनी विलीनीकरणास अनुकूल असे निवेदन काढले आणि कार्डिनल इनित्झर यांनी त्यासोबतच्या पत्रावर हिटलरच्या जयजयकाराचे शब्द स्वहस्ते लिहिले. पोप अकरावे पायस यांनी त्यांना रोमला बोलावून घेतले व ६ एप्रिलला खुलासा करावयास लावला. परंतु निवेदन चर्चमधून वाचून झालेले होते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला, जपमाळेच्या सणाच्या दिवशी, याच कार्डिनलांनी हजारो तरुणांसमोर ख्रिस्त हाच आपला नेता असल्याचे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी नाझी तरुणांनी त्यांच्या निवासस्थानाची मोडतोड केली. माणूस मार्चमध्ये चुकला, ऑक्टोबरमध्ये सावरला. मधल्या सात महिन्यांत मात्र लिन्झ शहराजवळ माउटहाउझेनची छळछावणी उभी राहिली होती. संगीतिकेतील मठ, घंटा, धर्मभगिनी हे सारे सुंदर आहे. पण हा मार्च महिना त्या सौंदर्यात कोठे बसत नाही, म्हणून तो तेथे नाही.

‘नाइट अँड फॉग’ या अनुबोधपटाचे निवेदन लिहिणारे जाँ केरोल हे याच माउटहाउझेनच्या गुझेन या उपछावणीतून वाचलेले कॅथलिक साहित्यिक होते. १९५५ साली तयार झालेल्या या पटात गवत उगवलेल्या ओसाड छावण्या रंगीत दिसतात आणि जुनी दृश्ये कृष्णधवल. निवेदन रडत नाही, ओरडत नाही. या पटाचे उणे असे की, मारल्या गेलेल्या ज्यू लोकांचा स्वतंत्र उल्लेख त्यात जवळजवळ नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एका दृश्यात छावणीवर पहारा देणाऱ्या फ्रेंच शिपायाची टोपी दिसत होती. ती झाकल्याशिवाय फ्रान्सच्या अभ्यवेक्षण मंडळाने परवानगी दिली नाही. म्हणजे गाळण्याचा मोह केवळ संगीतिकाकारांना होतो, असे नव्हे.

‘शोआ’ १९८५ साली प्रदर्शित झाला. तो करण्यास अकरा वर्षे लागली. त्यात नाझी काळातील एकही जुने दृश्य नाही. आहेत ती माणसे, त्यांचे चेहरे, रूळ, झाडी, नदी. आणि हा पट सुरू होतो तो गाण्याने! पोलंडमधील खेल्मनो या गावी नेर नदीवर एक होडी जात आहे, तीत सत्तेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ बसला आहे आणि तो हळू आवाजात गात आहे. त्याचे नाव सिमोन स्रेब्निक. तेरा वर्षांचा असताना पायात बेड्या घालून नाझींनी त्याला याच नदीवर होडी वल्हवायला लावले होते आणि वल्हवताना त्याच्याकडून गाणी म्हणवून घेतली होती. गावातील लोकांना त्याचा आवाज अजून आठवतो. शेवटी त्याच्या डोक्यात गोळी झाडण्यात आली, पण तो वाचला. आमच्या विद्यार्थिनीला नऊ तासांतील सर्वांत असह्य काय वाटले, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “तो छान गातो, फादर. तेच सहन होत नाही.”

याच पटात पुढे खेल्मनोच्या कॅथलिक चर्चसमोरचा प्रसंग आहे. दिवस सणाचा आहे. मुली पांढऱ्या पोशाखात आहेत, मिरवणूक निघाली आहे. सण कोणता? पवित्र मरियेच्या जन्माचा. म्हणजे वांद्र्याच्या मोत माउलीच्या पायाशी आपण ज्या सणाला मेणबत्त्या लावतो, तोच. चर्चच्या दाराशी स्रेब्निक उभा आहे आणि गावकरी त्याच्याभोवती जमले आहेत. त्यांना तो परतल्याचा खराखुरा आनंद झालेला दिसतो. याच चर्चमध्ये ज्यूंना कोंडून ठेवले जात असे, येथूनच त्यांना विषारी वायूच्या गाड्यांत भरले जात असे, हे ते सांगतात. मग हे असे का घडले, असा प्रश्न येतो. तेव्हा चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा गृहस्थ पुढे होतो आणि ऐकीव कथा सांगतो, जिचे सार असे की, ज्यूंनी ख्रिस्ताच्या रक्ताची जबाबदारी आपल्या माथी घेतली होती. स्रेब्निक मधोमध उभा आहे. त्याच्या चेहऱ्यावरचे स्मित हळूहळू थिजते. तो काही बोलत नाही.

हा गृहस्थ राक्षस नाही. तो आपल्यासारखा रविवारी चर्चला जाणारा, उपासनेत ऑर्गन वाजवणारा मनुष्य आहे. मत्तयकृत शुभवर्तमानातील एका वाक्याचा शतकानुशतके जो विपरीत अर्थ लावला गेला, तो त्याच्या कानी पडला आणि तेथेच राहिला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ या दस्तऐवजात स्पष्ट केले की, प्रभूच्या मरणाचा दोष त्या वेळच्या सर्व ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर लादता येणार नाही. ज्या वर्षी तो गोड चित्रपट जगभर गेला, त्याच वर्षीची ही गोष्ट. चित्रपटातील गाणी आपल्या घराघरांत पोहोचली. दस्तऐवज किती घरांत पोहोचला, हे आम्ही धर्मगुरूंनी स्वतःला विचारावे.

तर मग निष्कर्ष असा काढावा काय, की संगीतिका खोटी आणि अनुबोधपट खरा? असे म्हणणे सोपे आहे. परंतु ‘शोआ’ मन लावून पाहिला तर तसे म्हणता येत नाही. स्रेब्निक पुन्हा होडीत बसून गातो ते दिग्दर्शकाने गायला लावले म्हणून. मृत्यूच्या छावणीत बायकांचे केस कापावे लागलेला अब्राहम बोम्बा आपली कहाणी सांगतो ती केशकर्तनालयात कात्री चालवताना. ती जागा दिग्दर्शकाने मुद्दाम मिळवली होती. बोम्बा थांबतो, त्याला पुढे बोलवत नाही, तरी त्याला बोलण्याची विनवणी होत राहते. एका माजी नाझी अधिकाऱ्याला नाव न देण्याचे वचन देऊन त्याचे चित्रण गुपचूप केले गेले. यातील प्रत्येक गोष्टीबद्दल नैतिक प्रश्न विचारता येईल. पोलंडमध्ये या पटाला विरोध झाला. ज्यूंना वाचवण्यासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या पोलिश लोकांना त्यात फारसे स्थान नाही, हा आक्षेपही निराधार नाही. ज्यूंची हत्या जगाला कळवू पाहणारा यान कार्स्की हा पोलिश कॅथलिक त्यात आहे आणि तो बोलता बोलता उठून निघून जातो, हे मात्र विसरू नये. तात्पर्य, अनुबोधपटातही रचना असते, निवड असते, एक प्रकारचे नाट्य असते.

फरक आहे तो नाट्याने काय साधले जाते यात. आपल्या मराठी रंगभूमीला हे नवीन नाही. गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ साली ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आणले, तेव्हा जरठ-बाला विवाहाची क्रूरता त्यांनी पदांच्या गोडव्यात लपवली नाही. त्या गोडव्याच्या साहाय्याने ती घरोघरी पोहोचवली. १९७२ साली विजय तेंडुलकर यांचे ‘घाशीराम कोतवाल’ आले. त्यात गाणाऱ्या ब्राह्मणांची रांगच पडदा होते. मागे काय चालले आहे ते ती झाकते आणि झाकता झाकताच उघडे करते. भक्तिगीताच्या आड काय काय घडू शकते, हे मराठी प्रेक्षकाने तेथे पाहिले आहे. संगीत हे झाकण्याचेही साधन आहे आणि उघड करण्याचेही. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ मधील ते वगळलेले गाणे उघड करणारे होते. चित्रपटाने ते काढून झाकणे पसंत केले.

हे लिहीत असताना मला माझ्याच नित्याच्या प्रार्थनेतील एक गाळलेली जागा आठवली. स्तोत्रसंहितेतील १३७ वे स्तोत्र बंदिवानांचे आहे. परक्या देशात नदीकाठी बसलेल्या कैद्यांकडे त्यांना पकडून नेणारे गाण्याची मागणी करतात आणि कैद्यांना गाता येत नाही. त्याचा शेवट मात्र भयंकर सूडाच्या इच्छेने होतो. आम्हा धर्मगुरूंच्या दैनिक प्रार्थनाविधीत हा शेवट वगळलेला आहे. त्यामागील कारणे मला मान्य आहेत. पण गेली पंचवीस-तीस वर्षे मी ते स्तोत्र म्हणत आलो आणि वगळलेल्या ओळींमागची माणसे माझ्या मनात कधी आली नाहीत. नेर नदीवरच्या त्या मुलाला तर नकार देण्याचीही सोय नव्हती. ट्रॅप कुटुंबाला ती होती व त्यांनी ती वापरली. ऑस्ट्रियातील फ्रान्झ येगरश्टेटर या शेतकऱ्याला ती फार महाग पडली. विलीनीकरणाच्या जनमतात गावात एकट्याने विरोधी मत देणारा, चर्चमध्ये सेवा करणारा, लहान मुलींचा हा बाप हिटलरच्या सैन्यात लढण्यास नाही म्हणाला. त्याच्या बिशपांनीही त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. २००७ साली पवित्र सभेने त्याला धन्यवादित घोषित केले. त्याच्यावर कोणी संगीतिका रचलेली माझ्या पाहण्यात नाही.

आमच्या विद्यार्थिनीने घेतलेले मौन या पार्श्वभूमीवर मला नाटकी वाटत नाही. ज्याला गाता येते त्यालाच न गाण्याचा अर्थ कळतो. आठ सप्टेंबरला ती मागच्या बाकावर बसली होती. त्या दिवशीच्या प्रवचनात मी खेल्मनोच्या चर्चची हकीकत सांगितली. मिस्सानंतर एक ज्येष्ठ धर्मग्रामस्थ मला म्हणाले, “फादर, सणाच्या दिवशी हे कशाला?” त्यांचे म्हणणे मी समजू शकतो. माझे उत्तर एवढेच होते, की तो प्रसंग सणाच्या दिवशीच घडला.

पालकांना माझी विनंती आहे. मुलांना संगीतिकेत काम करू द्यावे. त्यातून धीटपणा येतो, उच्चार सुधारतात, दहा जणांबरोबर एका सुरात राहण्याची शिस्त लागते. ही लहान गोष्ट नाही. तो चित्रपटही पुन्हा अवश्य पाहावा. परंतु मुले मोठी झाली की, त्यांना तेवढ्यावर सोडू नये. ‘नाइट अँड फॉग’ त्यांच्याबरोबर बसून पाहावा आणि नंतर लगेच दिवे लावून उठू नये. ‘शोआ’ तुकड्या-तुकड्याने पाहिला तरी चालेल. प्रश्न विचारले गेले तर, उत्तर नसल्यास नाही म्हणून सांगावे. मीही तेच केले.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी ती मुलगी गायकवृंदात परत आली. का आली ते मी विचारले नाही. सरावानंतर तिने आपण होऊन सांगितले, “फादर, त्याला गावं लागलं. मला गाता येतं. हा फरक लक्षात ठेवून गाईन.” मी पाहिलेल्या दोन अनुबोधपटांवर आणि एका संगीतिकेवर याहून नेमकी समीक्षा मला लिहिता आलेली नाही.